घाईचा रंग, सबुरीचा हात

रविवारी सकाळी आमच्या दारात माणसे येतात ती बहुधा अर्ज लिहून घ्यायला. कुणाला जातीचा दाखला काढायचा असतो, कुणाचे पेन्शन अडलेले असते, कुणाच्या रेशनकार्डावर सुनेचे नाव चढायचे असते. गेल्या पावसाळ्यात मात्र आमच्या वस्तीतल्या एक ताई हातात कोणताही कागद न घेता आल्या. पायरीवरच बसल्या आणि म्हणाल्या, "भाऊ, आबांना जरा समजावून सांगा. माझ्या पोराचे सहा हजार अडवून धरलेत. वर म्हणतात, गाडी होती तशी करून दे. होती तशी कशी करायची? रंग काय अंगावरचा सदरा आहे, काढून ठेवायला?"

भांडण होते एका जुन्या मोटारीच्या रंगावरून. ऐकणाऱ्याला क्षुल्लक वाटेल. पण ज्या घरात कॉम्प्रेसर बचत गटाच्या कर्जातून आला आहे, त्या घरात सहा हजार म्हणजे तीन हप्ते. आणि ज्या माणसाने आयुष्यभर दुसऱ्यांना गाडीतून फिरवून शेवटी स्वतःसाठी एक गाडी घेतली, त्यालाही अठरा हजार काही रस्त्यावर सापडलेले नसतात. दोन्ही माणसे आपलीच. म्हणून आम्ही चहा तसाच ठेवला, पायांत चपला सरकवल्या आणि निघालो.

आबांची पद्मिनी

ज्यांनी जुनी मुंबई पाहिली आहे, त्यांना पद्मिनीची ओळख करून द्यायला नको. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात फियाट कंपनीच्या परवान्यावर १९६४ पासून 'फियाट ११०० डिलाइट' या नावाने ही गाडी तयार होऊ लागली. सत्तरच्या दशकात तिचे नाव 'प्रीमियर पद्मिनी' झाले, तरी लोक तिला शेवटपर्यंत फियाटच म्हणत राहिले. टॅक्सी म्हटली की काळे अंग, पिवळा टप आणि स्टिअरिंगजवळचा गिअर, हेच चित्र डोळ्यांपुढे उभे राही. मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची वयोमर्यादा आहे. त्या नियमाने ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली.

आबांनी तीस वर्षे टॅक्सी चालवली. त्यांची स्वतःची पद्मिनी २०१९ मध्येच भंगारात गेली होती. त्या दिवशी आबा जेवले नाहीत, असे त्यांच्या घरचे सांगतात. पुढे त्यांनी एका निवृत्त शिक्षकाकडून १९९४ सालची खासगी पद्मिनी घेतली. रंग फिका क्रीम. आबांच्या मनात मात्र एकच होते, गाडी काळी हवी. काळी, पण पिवळ्या टपाशिवाय. "आता भाड्याची नाही, घरची आहे," असे ते म्हणत.

ताईंच्या मुलाने सहा वर्षे दुसऱ्याच्या गॅरेजात डेंटिंग-पेंटिंगचे काम केले आणि वर्षापूर्वी पुलाजवळ स्वतःची शेड टाकली. संपूर्ण गाडी रंगवण्याचे त्याचे हे पहिलेच मोठे काम. त्याने पंचवीस हजार सांगितले. आबांनी घासाघीस करून अठरावर आणले. त्याने तीन आठवडे मागितले. आबा म्हणाले, "नातीचा साखरपुडा आहे, दहा दिवसांत दे." उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग! पाऊस कोसळत होता, शेड गळत होती, आणि पोराने पहिले गिऱ्हाईक हातचे जाऊ नये म्हणून मान डोलावली.

आम्ही गाडी पाहिली ती साखरपुडा होऊन गेल्यावर. गल्लीच्या तोंडापासून झकास चकाकत होती. जवळ गेलो तेव्हा आबा बोट ठेवून दाखवू लागले. बॉनेटवर सगळीकडे बारीक खळगे, संत्र्याच्या सालीसारखे. ड्रायव्हरच्या दारावर रंगाचे दोन ओघळ, मेणबत्तीवरून मेण उतरावे तसे. टपावर धुळीचे कण रंगात रुतून बसलेले. डिकीवर वाटाण्याएवढे गोल खड्डे. पांढऱ्या गाडीत जे झाकले जाते ते काळ्या गाडीत ओरडून सांगते. पोरगा बाजूला खाली मान घालून उभा होता. तो हळूच म्हणाला, "काका, मी पुन्हा एक हात मारून देतो वरून."

आम्ही पडलो बी.कॉम. खतावणीतली चूक आम्हाला सापडते, बॉनेटवरची नाही. म्हणून निवाडा करायच्या आधी जाणत्या माणसाला बोलवावे, असे ठरवले. पलीकडच्या चाळीत एक म्हातारे मिस्त्री राहतात. चाळीस वर्षे त्यांनी गाड्या रंगवल्या. आता दम लागतो म्हणून स्टुलावर बसून असतात. त्यांना रिक्षाने आणले.

आधी रोग ओळखा

मिस्त्रींनी पोराचे म्हणणे ऐकले आणि पहिल्यांदा एवढेच सांगितले, "वरून एकही हात मारायचा नाही. खळग्यावर रंग मारला तर खळगा भरत नाही, जाड होतो. आधी काय झालंय ते बघू."

त्यांनी वायर लावून घरातली ट्यूबलाइट बाहेर आणवली आणि बॉनेटच्या वर आडवी धरायला सांगितली. सपाट रंगात ट्यूबची कड सुतासारखी सरळ दिसते. इथे ती पाण्यावर हलल्यासारखी दिसत होती. मग एका पांढऱ्या फडक्यावर थोडे रबिंग कंपाऊंड घेऊन त्यांनी दाराच्या कोपऱ्यात घासले. फडके काळे झाले. म्हणजे रंग आणि चमक एकाच थरात आहेत. हल्लीच्या बहुतेक गाड्यांवर रंगाच्या वर पारदर्शक लॅकरचा वेगळा थर असतो. तिथे फडके पांढरेच राहते. हे आधी कळले पाहिजे, कारण आपण कोणत्या थराला हात लावतो आहोत, हे त्यावरून ठरते.

मग त्यांनी फ्रिजवर चिकटवतात तसला लोहचुंबक मागितला. पातळ कापडात गुंडाळून तो गाडीभर फिरवला. दारांवर घट्ट बसला, डाव्या मागच्या मडगार्डवर मात्र निसटून पडला. तिथे पत्र्यावर पुट्टीचा जाड थर आहे, हे उघड झाले. नखाने दाबले तर दोन ठिकाणी रंग पोपडा धरून फुगलेला. मिस्त्रींनी पोराकडे पाहिले. "पुट्टी पाणी लावून घासलीस ना?"

पोराने मान हलवली. पावसात धूळ उडू नये म्हणून त्याने तसे केले होते. पुट्टी स्पंजासारखी पाणी पिते. ते पाणी रंगाखाली कोंडले जाते, आतून पत्रा गंजतो आणि वर पोपडे येतात. रंग पाण्याने घासावा, पुट्टी कोरडीच घासावी, हा या धंद्यातला मूळ धडा. पण सहा वर्षांत पोराला तो कुणी नीट सांगितला नव्हता. त्याला फक्त "घास" एवढेच सांगितले जात होते.

डिकीवरच्या गोल खड्ड्यांना या धंद्यात 'माशाचे डोळे' म्हणतात. पत्र्यावर तेलाचा, मेणाचा किंवा सिलिकॉनचा अंश राहिला की ओला रंग तिथून मागे सरकतो आणि खड्डा पडतो. मिस्त्रींनी कॉम्प्रेसरच्या नळीतून येणारी हवा एका आरशावर सोडून पाहिली. आरशावर पाण्याचे बारीक थेंब आणि तेलाची झाक दिसली. नळीवर पाणी अडवणारा फिल्टरच नव्हता. मग त्यांनी आबांना विचारले, "गाडीला काय लावत होता?" आबा अभिमानाने म्हणाले, "दर रविवारी चकाकीचं पॉलिश! आतून-बाहेरून!" त्या पॉलिशच्या बाटलीवर सिलिकॉन लिहिलेले होते. आबांचा आवाज त्यानंतर जरा खाली आला.

आम्ही वहीत दोन रकाने आखले. डावीकडे घासून निघणारे दोष: संत्र्याची साल, ओघळ, रुतलेली धूळ. हे रंगाच्या वरच्या अंगाचे रोग. उजवीकडे घासून न निघणारे: डिकीचे डोळे आणि मडगार्डचे पोपडे. हे मुळाचे रोग. तिथे रंग काढून पुन्हा सुरुवात करणे भाग. जमा-नाव असे वेगळे झाले तेव्हा आबांच्याही लक्षात आले की सगळी गाडी वाया गेलेली नाही. पाचातले चार हिस्से रंग वाचण्याजोगा होता.

दीड-दोन केसांचा व्यवहार

घासायला बसण्याआधी मिस्त्रींनी जे सांगितले, ते आम्ही जन्मभर विसरणार नाही. ते म्हणाले, "किती आहे ते माहीत नसताना खर्च करू नका."

हिशेब असा. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाच्या डोक्याचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड. आजच्या कारखान्यातून निघालेल्या गाडीवर प्रायमरपासून वरच्या चकाकीपर्यंतचे सगळे थर मिळून साधारण शंभर ते दीडशे मायक्रॉन भरतात. म्हणजे दीड-दोन केस! गॅरेजात हाताने मारलेला रंग याहून जाड असू शकतो, पण सगळीकडे सारखा नसतो. सपाट जागी जास्त, कडांवर आणि पत्र्याला जिथे उभार आहे तिथे कमी, कारण ओला रंग कडेवरून सरकतो. घासून साफ करणे म्हणजे या भांडवलातूनच खर्च करणे. खळग्याच्या तळापर्यंतचा उंचवटा तेवढा काढायचा आणि थांबायचे. पुढे गेलात तर खाली प्रायमर.

रंग मारून बारा दिवस झाले होते. हार्डनर घालून मारलेला हा रंग तोवर घासण्याजोगा कडक झालेला होता. साधा सिंथेटिक इनॅमल असता तर आणखी कित्येक आठवडे थांबावे लागले असते. अर्धवट सुकलेला रंग कागदाला चिकटतो, फाटतो, आणि आज सपाट केला तरी उद्या आक्रसून पुन्हा खळगे दाखवतो.

काम असे चालले. बादलीत स्वच्छ पाणी, त्यात साबणाचे चार थेंब. वॉटर पेपर अर्धा तास भिजत घातला. गाडीच्या सगळ्या कडांवर आणि उभारांवर मास्किंग टेप लावली, म्हणजे चुकून हात गेला तरी कड वाचेल. कागद बोटांनी धरायचा नाही, रबरी ठोकळ्याला गुंडाळायचा. बोटांनी घासले तर बोटांच्या रेषा रंगात उतरतात. ओघळासाठी टेपने चारही बाजू झाकून लहानशा ठोकळ्याने फक्त ओघळाचा माथा उतरवला. मग बॉनेट. आधी पंधराशे नंबरचा कागद सरळ रेषेत, मग दोन हजाराचा तिरप्या दिशेने, मग तीन हजाराचा. दिशा बदलली की आधीच्या कागदाच्या रेघा गेल्या की राहिल्या ते दिसते.

दर दोन मिनिटांनी मिस्त्री सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा ओढून पाणी काढायला सांगत. पाणी गेले की घासलेला भाग मंद दिसतो आणि न घासलेले खळगे चमकत राहतात. आधी चांदण्या भरलेले आभाळ, मग तुरळक चांदण्या. शेवटच्या दोन-चार चांदण्या राहिल्या की ते हात धरत. "त्या राहू द्या. त्यांच्यासाठी बाकीचं आभाळ फाडायचं नाही."

कागदाची जन्मकथा

हा कागद पाण्यात भिजूनही फाटत कसा नाही, असे पोराने विचारले. त्यावेळी आम्हाला उत्तर देता आले नाही. घरी येऊन वाचले तेव्हा जे कळले, ते वाचकांनाही सांगावेसे वाटते.

शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी मोटारींना हाताने व्हार्निश-रंग देत. सुकायला कित्येक आठवडे जात. घासकाम कोरड्या कागदाने होई. त्या काळच्या रंगात शिसे असे. त्याची धूळ कामगारांच्या छातीत जाई. फिलाडेल्फियाच्या फ्रान्सिस ओकी नावाच्या माणसाने पाण्यात टिकणारा घासकागद तयार केला. ती युक्ती विकत घेऊन आज थ्री-एम म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कंपनीने १९२१ मध्ये तो बाजारात आणला. पाण्याने धूळ बसली आणि काम गुळगुळीत झाले.

आपल्याकडे फवाऱ्याने मारलेल्या रंगाला जुने कारागीर 'ड्यूको' म्हणतात. तेही मूळचे एका अमेरिकन लॅकर रंगाचे नाव. ड्यू पाँ कंपनीचा तो रंग १९२४ च्या ओकलंड मोटारींवर आला आणि आठवड्यांचे काम तासांवर आले.

त्याच सुमारास थ्री-एमचा एक तरुण मदतनीस घासकागदाचे नमुने घेऊन गॅरेजात गेला. रिचर्ड ड्रू त्याचे नाव. त्याने कॉलेज अर्धवट सोडलेले होते. त्याने पाहिले की गाडीला दोन रंग देताना कारागीर वर्तमानपत्र गोंदाने चिकटवतात, आणि काढताना ताजा रंग सोलून येतो. कारागीर चिडलेले होते. ड्रूने ते चिडणे ऐकले, मनावर घेतले आणि १९२५ मध्ये मास्किंग टेप तयार केली. पोराच्या हातात त्या दिवशी होती तीच.

मोठ्या प्रयोगशाळा असतील, मोठी यंत्रे असतील. पण रंगाऱ्याच्या हातातली ही दोन साधी साधने आली ती कुणीतरी रंगाऱ्याच्या छातीचा आणि त्याच्या तक्रारीचा विचार केला म्हणून. आपण गॅरेजात जातो तेव्हा कारागिराला भाव विचारतो, तारीख विचारतो. अडचण विचारतो का?

आमच्या हातून झालेली चूक

तिसऱ्या दिवशी आम्हालाही हुरूप आला. कचेरीतून येऊन आम्ही एक दार घासायला घेतले. थोडा वेळ बरे चालले. मग वरच्या कडेपाशी टेप सुटलेली लक्षात आली नाही आणि आम्ही जोर करीत राहिलो. बादलीतले पाणी आधीच काळे झालेले, त्यामुळे काही कळले नाही. ट्यूबचा तुकडा ओढला आणि काळ्या रंगात करड्या प्रायमरची बोटभर रेघ उमटली.

आम्ही गप्प. आबा काही बोलणार इतक्यात मिस्त्री म्हणाले, "साहेब, लेखणीला कड लागत नाही. हाताला लागते." मग पोरानेच ती जागा पुन्हा झाकली, उरलेला रंग बारीक फवाऱ्याने मारला आणि सुकल्यावर घासून मिळवून दिली. आज शोधूनही सापडत नाही. आबांनी ते सगळे पाहिले. ज्या पोराला ते "हात बसलेला नाही" म्हणत होते, त्याच्या हाताने आमची चूक निस्तरली होती.

शेवटी मशीनचे काम. लोकरीच्या टोपीने रबिंग, मग मऊ फोमने पॉलिश. सावलीत, कमी वेगावर, एका जागी न थांबता. थांबले की रंग तापतो आणि जळतो. घाई केली तर मशीनची वर्तुळे रंगात राहतात आणि उन्हात कोळ्याच्या जाळ्यासारखी दिसतात. त्या संध्याकाळी पुन्हा ट्यूबलाइट धरली. बॉनेटमध्ये ट्यूबची कड सरळ दिसली. खालच्या पट्ट्यांवर थोडी साल मुद्दाम ठेवली होती, कारण तिथे रंग पातळ होता. मिस्त्रींनी महिनाभर तरी मेण-पॉलिश लावू नका म्हणून आबांना बजावले. ताज्या रंगाला आतला उरलेला थिनर बाहेर सोडायला वाट हवी असते.

छातीतला रंग

डिकी आणि मडगार्ड पुन्हा रंगवायच्या दिवशी आमच्या पत्नीही डबा घेऊन आल्या होत्या. पोराने नाकाला रुमाल बांधला आणि गन उचलली. तेव्हा मिस्त्री स्टुलावरून उठले आणि त्यांनी त्याचा हात धरला. बोलताना त्यांना दम लागत होता. "मीही रुमालच बांधत होतो."

बंधू-भगिनींनो, ही गोष्ट ज्यांच्या घरी रंगकाम करणारे कुणी आहे त्यांनी दोनदा वाचावी. दोन डब्यांच्या रंगात जो हार्डनर मिसळतात, त्यात आयसोसायनेट नावाचे रसायन असते. फवाऱ्याबरोबर ते श्वासात जाते आणि त्यातून दमा जडू शकतो. एकदा शरीराने त्याचा धसका घेतला की पुढे थोड्याशा वाफेनेही झटका येतो. वास आला नाही म्हणजे धोका नाही, असेही नाही. वास जाणवण्याच्या आधीच ते अपायकारक प्रमाणात असू शकते. रुमालाने ते अडत नाही, साध्या धुळीच्या मास्कनेही नाही. बाहेरची स्वच्छ हवा नळीने पुरवणारा मुखवटा सर्वांत चांगला. आणि मोकळी हवा खेळती हवी. गळकी, कोंदट शेड नव्हे.

दुसरा धोका जुन्या रंगाचा. जुन्या गाड्यांच्या थरांत शिसे असू शकते. तो रंग कोरडा घासू नये. कामाचे कपडे घरच्या कपड्यांत धुवू नयेत. हात-तोंड धुतल्याशिवाय जेवू नये, लेकराला उचलू नये. शिशाचा त्रास मोठ्यांपेक्षा लहान मुलांना अधिक होतो. हे ऐकून ताई म्हणाल्या, "मी तर त्याचे कपडे रोज नातवाच्या दुपट्यांबरोबर भिजवते." आमच्या पत्नी त्यांना बाजूला घेऊन बराच वेळ बोलत बसल्या. त्या दिवशी फवारा झाला नाही. गटाच्या बायकांनी मिळून मुखवट्याची सोय केली. त्याला आठ दिवस लागले. या खेपेला आबांनी तारीख विचारली नाही.

हिशेब

शेवटी वही उघडली. मडगार्डची चूक पोराची, ते काम त्याने पदरचे साहित्य घालून केले. पत्र्यापर्यंत खरवडून, गंज काढून, वाळवून, पुट्टी कोरडी घासून, तोंडाला धुळीचा मास्क लावून. डिकीत दोघांचाही वाटा, आबांच्या पॉलिशचा आणि पोराच्या फिल्टरचा. साहित्य आबांचे, मजुरी पोराची. फिल्टर त्याने स्वतः घेतला. घासकामाच्या चार दिवसांचे काय? इथे आबा अडले. "ते तर पहिल्याच कामात धरलेलं होतं."

मिस्त्री म्हणाले, "धरलं होतं आबा, पंचवीस हजारांत. तुम्ही सात हजार कापलेत. ते काय रंगाच्या डब्यातून कापले गेले? डबा कमी होत नाही. प्रायमर कमी होत नाही. कमी होतं ते घासणं."

यावर बोलण्यासारखे काही उरले नाही. आमच्या मनात आले, आपण कष्टकरी माणसे स्वतःच्या मजुरीत एक रुपया कापला तर संप करायला उठतो. पण आपल्याच माणसाला काम देताना पहिले काय करतो? भाव पाडतो आणि तारीख अलीकडे ओढतो. मग काम कच्चे राहिले की म्हणतो, आपल्या लोकांना सफाई जमत नाही. सफाई म्हणजे वेळ. तो वेळ आपणच विकत घेतलेला नसतो. आणि कारागिरानेही 'नाही' म्हणायला शिकले पाहिजे. पावसात, दहा दिवसांत, अठरा हजारांत हे काम होत नाही, हे पहिल्या दिवशी सांगितले असते तर आबा चिडले असते. नंतर जेवढे चिडले, तेवढे नव्हे.

आबांनी सहा हजार दिले आणि घासकामाचे तीन हजार वेगळे दिले. मिस्त्रींनी पैसे घेतले नाहीत. त्यांना आबांनी पुढच्या सीटवर बसवून समुद्रावर नेऊन आणले. रंग बदलला की आर.सी. वर तशी नोंद करून घ्यावी लागते. तो अर्ज अर्थातच आम्ही लिहिला.

ज्यांना जुनी गाडी, रिक्षा, कपाट, काहीही रंगवून घ्यायचे असेल त्यांच्यासाठी आम्ही एक साधा नियम केला आहे. काम सुरू होण्याआधी एका कागदावर पाच गोष्टी लिहाव्यात: कोणता रंग आणि किती थर, पुट्टी कुठे भरणार, सुकायला किती दिवस, घासून पॉलिश करणे भावात आहे की नाही, आणि पाऊस आला तर तारीख किती पुढे जाईल. खाली दोघांच्या सह्या. वकील लागत नाही, स्टॅम्प लागत नाही.

परवाच्या रविवारी त्याच ताई पुन्हा आल्या. या खेपेला हातात कागद होता. पोराला दुसऱ्या एका जुन्या फियाटचे काम आले होते आणि त्याने स्वतःच्या हाताने पाचही कलमे लिहिली होती. अक्षर वेडेवाकडे, पण भाव पंचवीस हजारच. आणि मुदतीपुढे लिहिले होते: 'तीन आठवडे. पाऊस असल्यास पाच.'

आम्ही एक काना दुरुस्त करून दिला. बाकी सगळे बरोबर होते.